गाडी नेमकी कुठं अडते

माझं नाव दगू. गाव निफाड तालुक्यात. वडील दुसऱ्याच्या द्राक्षबागेत छाटनीला जायचे, मला मातर बागेत करमायचं नाय, रस्त्यानं ट्रक गेला की मी मागं पळायचो, मंग क्लीनर झालो, मंग डायवर, आन् आता किती वर्सं झाली ताई, द्राक्षं घेऊन बंगालमधून बांगलादेशाच्या सीमेवर जातोय. अर्धा देश ओलांडायचा, त्याचं काय वाटत नाय बरं का, गाडी पळती राहिली की मी खुश. जीव जायचा तो सीमेवर. तिथं गाडी उभी राहिली की राहिली. का राहिली, तर आम्ही म्हनायचो कस्टमवाले अडवतात, कस्टमवाले म्हनायचे तुमचे कागद उशिरा येतात, एजंट म्हनायचा पलीकडं जागा नाय. तोवर ताडपत्रीखाली द्राक्षं गरम.

आता माझी सुजाता. एकुलती एक. बीकॉम केलं, गंगापूर रोडला एका सर्व्हेच्या हापिसात लागली. एक दिवस घरात नाचतच आली, आप्पा, आम्हाला तुमच्या सीमेचं काम मिळालं! मी म्हनलं, काय करनार तिथं? म्हनली, वेळ मोजायचा, गाडी पार्किंगला आल्यापासून फाटकाबाहेर जाईपर्यंत कुठं कुठं थांबते, किती थांबते, का थांबते. मी लय हसलो. म्हनलं, थांबायचं तर आम्ही फुकट करतो, मोजायला पगार देतात व्हय!

ती इमानानं गेली, आमच्या घरातलं पयलं मानूस इमानात बसलेलं, आन् मी आपला ट्रक घेऊन. सीमेवर पोचलो तर काय सांगू तुम्हाला, पोरगी डोक्याला टोपी, गळ्यात ओळखपत्र, उन्हात उभी, मोठमोठे साहेब तिच्याशी बोलतायत. माझी छाती अशी फुगली! मोजायच्या गाड्या चिठ्ठ्या टाकल्यासारख्या निवडायच्या, त्यात नेमकी माझी आली. तिनं लगेच तिच्या हापिसाच्या साहेबाला सांगितलं, ही माझ्या वडलांची गाडी हाय, हिच्यावर दुसऱ्या कुनाला उभं करा.

पन गाडी हलंना. ऊन असं की पत्र्याला हात लावला तर चटका. दुसऱ्या दिवशी मी ताडपत्री उचलली तर आंबूस वास आला, वरच्या क्रेटमधले मनी पान्यासारखे मऊ. मला राहवंना. गेलो तिच्याकडं, म्हनलं सुजे, कस्टमच्या साहेबाला एक शब्द टाक, आता तुला सगळे वळखतात. ती म्हनली, आप्पा, नाय जमनार, मी बोलले तर तुमची गाडी सुटंल, पन मंग आम्ही मोजतोय ते सगळं खोटं व्हईल आन् बाकीच्या गाड्या जन्मभर हितंच. मी भडकलो. म्हनलं, बापाचा माल सडला तरी चालंल तुला? तिनं तोंड फिरवलं, पन डोळे भरलेले मी बघितले.

माझ्या मागं मालेगावचा सलीमभाई व्हता, डाळिंबं घेऊन आलेला. त्यानं मला च्या पाजला, म्हनला, दगूभाऊ, बेटी सही बोलते, तुमची सुटली तर मी हितंच ना?

तिसऱ्या दिवशी गाडी पलीकडं गेली. वरचा थर फेकावा लागला, बाकीचा माल वाचला. घरी आल्यावर आम्ही दोघं बरेच दिवस कामापुरतं बोलायचो, सुजीची आई मधल्या मधी बेजार.

मंग एक दिवस तिचा फोन, आप्पा, सापडलं! अडत कुठं व्हतं म्हाईतय? कागदाला वेळ लागतच नव्हता. टायल्स, लोखंड, फळं, सगळ्या गाड्या एकाच रांगेत, आन् फळं तपासनारा साहेब दिवसातनं एकदाच यायचा, तवा आपली गाडी पुढं नसली की गेला दिवस. एवढंच! इतकी वर्सं आम्ही एकमेकांना शिव्या घालत व्हतो. मी म्हनलं, सुजे, तवा मी लय बोललो तुला. ती म्हनली, जाऊ द्या आप्पा.

आन् तिच्या हापिसानं मोजलेलं बघून ह्या हंगामात, ताई, फळांची रांग येगळी झाली! सकाळी पोचलो, साहेब हजर, क्रेट उघडला, बघितला, शिक्का, चला. जेवायच्या टायमाला मी पलीकडं! मागनं सलीमभाई हॉर्न वाजवतोय नुसता. मी तसाच सुजीला फोन लावला, बोंबललोच, अगं सुटलो, सुटलो! तर ती इचारते, नेमके किती वाजता सुटलात आप्पा? म्हनलं, अगं बये, आनंदात घड्याळ कोन बघतंय! असली रागावली मला.

आता ती नेपाळच्या बाजूला चाललीये, तिथल्या गाड्या मोजायला. तिथले डायवर पन तिला शिव्या घालतील आधी, मला म्हाईतय. घालू द्या. पोरगी उन्हातानात उभी राहते, देवा, तिला तेवढं बरं ठेव, एवढंच मागनं. मला उद्या गाडी भरायचीये.