फाटकाला कुलूप

दवाखान्याच्या बाकावर खिडक्यांच्या काचा पुसणारा आणि त्याची बायको नंबरची वाट बघत होते. शेजारच्या मास्तरीणबाईंचं डोकं पेपरात होतं, कान मात्र तिकडेच.

"तिसरी खेप! शिडी-बादली घेऊन त्या बंगलेवाल्यांकडे गेलो, तर फाटकाला हे एवढं कुलूप."

"फोन करायचा."

"केला. म्हणे, आम्ही गावाला आलोय. अहो, मग 'या की कधीही' कशाला म्हणालात?"

"हळू बोला."

"का हळू? मागच्या खेपेला कुत्रा मोकळा, त्याआधी पाहुणे झोपलेले. आणि वर मलाच ऐकवतात, काचा किती घाण झाल्यात! 'या की कधीही' म्हणणाऱ्याला आपण यायलाच नको असतं, कळलं?"

"कळलं."

"मग तोंडावर सांगा ना, येऊ नका म्हणून!"

"काल आई आली होती माझी."

"कुठे?"

"आपल्याकडे. दाराला कुलूप. शेजारीण सांगत होती, दोन तास जिन्यात बसून परत गेली."

"आधी कळवायचं की त्यांनी!"

"कशाला कळवेल? तुम्हीच म्हणाला होतात ना तिला."

"काय म्हणालो होतो?"

"या की कधीही."