नमस्कार करणारा बॅक

एक मॅच हरलात की लगेच म्हणता, बॅक बदला. मी एका बॅकसाठी दोन वर्षं थांबलो होतो, ऐका.

संस्थानाची फौज मोडली, तेव्हा मला, फौजेतल्या खेळाडूला, कॉलेजात फुटबॉल शिकवायला ठेवलं. एका वर्षी बॅकला, म्हणजे गोल राखायच्या फळीत, सगळी नवी पोरं आली. त्यातला मधू सरकारी कारकुनाचा मुलगा, अंगानं तगडा, पण घरचं वळण फार. समोरच्याला पाय लागला की हा थांबून त्याला हात लावणार आणि नमस्कार करणार. तेवढ्यात गोल व्हायचा.

"गाढवा, तो काय तुझा आजोबा आहे?"

"उस्ताद, पाय लागला ना. हात आपोआप जातो."

प्रिन्सिपल म्हणाले, "निकालो इसे."

मी म्हटलं, "साहब, अभी कच्चा है, रुकिए."

शिव्या देत थांबलो. दुसऱ्या हिवाळ्यात शेजारच्या मुरार छावणीच्या टीमचा एकही गडी त्यानं आत येऊ दिला नाही. नमस्कार केले ते मॅच संपल्यावर, सगळ्यांना एकदम.

आणि त्याच वर्षी आमच्या शहरातली राजधानी भोपाळला गेली. मधूच्या वडिलांचं सरकारी दफ्तर तिकडं गेलं, मधूही गेला.

पुढच्या साली तो भोपाळच्या कॉलेजकडून आमच्याशीच खेळायला आला. आमचा एकही गोल होऊ दिला नाही त्यानं. हरलो आम्ही.

प्रिन्सिपल भडकले. "उस्ताद, आप किसकी तरफ़ हैं?"

मॅचभर मी भोपाळच्या गोलामागं उभा राहून ओरडत होतो, "मधू, डावीकडे बघ." आणि तो अजून माझं ऐकत होता.