दोनशे बारा नंबरच्या कोटाचे तिसरे बटण

नाव: बटणआजी. कागदावर दुसरे नाव आहे, पण त्या नावाने कुणी हाक मारली तर मी मागे वळून बघत नाही. वय: एकाहत्तर, एखादे वर्ष इकडे तिकडे. शिक्षण: दुसरीपर्यंत, त्यातही बाई बरेच दिवस आजारी होत्या. धंदा: यानतळावरच्या लाँड्रीत शिवणकाम. राहणार: तिसरा घुमट, कामगारांच्या खोल्या, खोली नंबर नऊ, नळाच्या शेजारी.

आज स्वतःच्या पायाने ठाण्यात आले आहे आणि फौजदार साहेबांनी विचारले तसे सांगते, ते असे की,

मी सदर लाँड्रीत एकतीस वर्षे काम करते. माझी जागा मागच्या बाजूला, वाफेच्या पाइपाजवळ आहे. तिथे उकडते, पण गुडघ्यांना बरे वाटते. यानांवरच्या लोकांचे फाटलेले, उसवलेले मी शिवते. सगळ्यांचे कोट एकाच करड्या रंगाचे, त्यामुळे अदलाबदल फार होते. याचा कोट त्याच्या अंगावर चढून दुसऱ्या चंद्रावर पोहोचतो. म्हणून कुणी मागितले तर आम्ही कोटाला एक शोध-बटण लावून देतो. दिसायला ते इतर बटणांसारखेच. जोरात दाबले की आमच्या काउंटरवर घंटा वाजते आणि पडद्यावर कोटाचा नंबर आणि ठिकाण उमटते. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे लागणार आहे. मीठ आधी काढून ठेवले की स्वयंपाकात धावपळ होत नाही.

आठ महिन्यांपूर्वी एक तरुण माणूस कोट घेऊन आला. यानतळावरच्या पाइपांचे व्हॉल्व्ह तपासतो, एवढेच त्याने सांगितले. पुढेही तो तेवढेच बोलत असे, म्हणून आमच्या इस्त्रीवालीने त्याचे नाव घुम्या ठेवले. ती लोकांना नावे ठेवते आणि ती चिकटतात. माझेही तिनेच ठेवले आहे. तर घुम्या म्हणाला, “आजी, बटणं ढिली झालीत. बाकीची घट्ट करा, फक्त तिसऱ्याला हात लावू नका.”

मी ते बटण निरखून पाहिले. इतरांपेक्षा जड होते, आणि बाकीच्यांना तपकिरी दोरा असताना त्याला काळा. ज्याने शिवले त्याच्या हाताला वळण नव्हते. मी विचारले तर घुम्या म्हणाला, आठवण आहे. मला वाटले, आईची असेल. कोट दोनशे बारा नंबरला नोंदवून मी तसाच परत दिला.

माझी नात हवेचे पंप दुरुस्त करते. तिला लहानपणापासून मीच वाढवले, त्यामुळे तिच्या जिभेला जी धार आहे तिची जबाबदारी माझ्याकडेच येते. लाँड्रीतला पंप गळू लागला, ती दुरुस्तीला आली, व्हॉल्व्ह बघायला घुम्या आला. पंप एका दिवसात नीट झाला. दोघांची दुरुस्ती मात्र पाच महिने चालली होती. इस्त्रीवालीने तर पैज लावली होती की हा माणूस लग्नाचे विचारेपर्यंत वरचा घुमट गंजेल.

गेल्या मंगळवारी दुपारी मी टांगलेल्या कोटांच्या मागे बसून दोरा ओवत होते. पलीकडे ती दोघे जेवायला बसली होती. मी ऐकायला बसले नव्हते, पण उठलेही नाही. तेव्हा घुम्याने तिला सांगितले की तो गुप्त खात्याचा माणूस आहे. दवाखान्याच्या कोठारातून हवेचे सिलिंडर चोरून बाहेर विकणारी टोळी आहे, तिच्या मागावर तो आहे. आणि तिसरे बटण खात्याने शिवलेले आहे. त्याच्या आत केसाएवढी सुई आणि औषध आहे. पकडले गेल्यावर सुटायची आशा उरली नाही की ते अंगठ्याने दाबायचे. दहा आकडे मोजेपर्यंत सगळे पुसले जाते. खात्यातल्या सोबत्यांची नावे, आईचा चेहरा, स्वतःचे नाव, सगळे. मग टोळीवाल्यांनी काही केले तरी त्यांना काही मिळत नाही. ते पुसलेले कधी परत येत नाही.

नातीने विचारले, “मीही?”

त्याने डब्याकडे बघत मान हलवली. मग ती म्हणाली, “ठीक आहे. पुन्हा पहिल्यापासून ओळख करून घेईन. पण तेव्हा तरी जरा बोलत जा.”

दोघे हसले. ती पंपाकडे गेली. त्या दुपारी तिच्या हातून पाना तीन वेळा पडला. एरवी पडत नाही.

माझे यजमान शेवटची दोन वर्षे मला रोज सकाळी विचारत, “बाई, तुम्ही कुणाच्या?” साहेब म्हणतात की त्याचा या प्रकरणाशी संबंध नाही, म्हणून ते सोडून देते.

बुधवारी घुम्याचा कोट खिसा उसवला म्हणून माझ्याकडे आला. मी खिसा शिवला. शिवताना चुकून तिसरे बटण निघाले. ते मी चिमट्याने उचलून, कापसात गुंडाळून, टोपणाच्या डबीत ठेवले आणि त्याच्या जागी दुसरे लावले. हाताशी शोध-बटण होते, तेच लावले. दोरा काळाच वापरला आणि टाके मुद्दाम वेडेवाकडे घातले, नाहीतर त्याला कळले असते. वेडेवाकडे टाके घालायला मला सरळ टाक्यांपेक्षा तिप्पट वेळ लागला. सदर डबी मी आज ठाण्यात जमा केली आहे. हवालदार साहेबांनी ती उघडू नये.

शुक्रवारी जेवणाचा भोंगा नुकताच झाला होता, तेव्हा काउंटरवर घंटा वाजली. कोट दोनशे बारा, गोदाम सहा. मी इस्त्रीवालीला म्हटले, “चल, एक कोट आणायचाय.” तिने माझे तोंड पाहिले आणि इस्त्री बंद केली. काउंटरवाल्याला ठाण्यात फोन करायला सांगितले. ओल्या चादरींची मोठी ढकलगाडी घेऊन आम्ही पाच जणी निघालो. गोदाम दोनच गल्ल्या पुढे आहे. माझे गुडघे त्या दिवशी कुठे गेले होते, ते मला माहीत नाही.

गोदामात तिघे जण होते. एकाच्या हातात लोखंडी गज होता. घुम्या खोक्यावर बसला होता, अंगठा तिसऱ्या बटणावर, डोळे घट्ट मिटलेले. ओठ हलत होते. तो आकडे मोजत होता. दहाच्या पुढे गेला असावा, तरी मोजत होता.

इस्त्रीवालीने गाडी सोडली. उतार होता. गजवाला चादरींखाली गेला, त्याच्यावर ती बसली. तिचे वजन लिहायला तिने मनाई केली आहे. दुसऱ्या दोघांना बाकीच्या तिघींनी ओल्या चादरीत पिळून काढले, ते काम त्या रोजच करतात. तेवढ्यात फौजदार साहेब पोहोचले, हे त्यांनाही माहीत आहे.

मी घुम्यासमोर जाऊन उभी राहिले. त्याने डोळे उघडले. मला ओळखतोस का, एवढेच विचारायचे होते, पण तोंडून शब्द फुटेना. आमच्या लाँड्रीत ही गोष्ट कुणी खरी मानत नाही. त्याने आधी माझ्याकडे पाहिले, मग कोटाकडे, मग पुन्हा माझ्याकडे.

“आजी,” तो म्हणाला, “तिसऱ्याला हात लावू नका म्हटलं होतं ना?”

मी तिथेच खोक्यावर बसले. पुढचे थोडे मला नीट सांगता येणार नाही.

त्याला सगळे आठवत असल्यामुळे त्याने टोळीतल्या अकरा जणांची नावे आणि ठिकाणे साहेबांना दिली. अकराही आत आहेत. चौऱ्याण्णव सिलिंडर दवाखान्यात परत गेले. नात धावत आली तेव्हा तो तिच्याशी सलग पंधरा मिनिटे बोलला आणि त्यातच लग्नाचेही विचारून झाले. इस्त्रीवाली पैज हरली.

गुप्त खात्याच्या साहेबांनी माझ्याविरुद्ध तक्रार दिली आहे की मी सरकारी उपकरणाशी छेडछाड केली. या वयात माझ्या नावावर छेडछाड लागेल असे वाटले नव्हते. फौजदार साहेबांनी मला दोनदा समजावले की चुकून झाले असेल तर ताकीद देऊन विषय संपतो. मुद्दाम केले असेल तर खाते माझी लाँड्रीतली जागा काढून घेऊ शकते. मला समजले आहे.

हा जबाब हवालदार साहेबांनी मला सावकाश वाचून दाखवला. ते वाचत होते तोवर मी त्यांच्या बाहीचे लोंबते बटण शिवून घेतले. सगळे मी सांगितले तसेच आहे. एक शब्द तेवढा काढावा. बुधवारच्या मजकुरात “चुकून” लिहिले आहे ते खोडावे. एकतीस वर्षांत माझ्या हातून एकही बटण चुकून निघालेले नाही.

हवालदार साहेबांनी विचारले, नक्की का? मी म्हटले, नक्की. त्यांनी फौजदार साहेबांकडे पाहिले. फौजदार साहेबांनी अंगातला कोट काढून माझ्यापुढे ठेवला. त्याचे दुसरे बटण ढिले आहे, ते मी उद्या सकाळी लाँड्रीतल्या माझ्या जागेवर बसून शिवून ठेवायचे आहे, असे त्यांनी सांगितले.

शब्द माझ्यासमोर खोडला. खाडाखोड एक, ती मला मान्य आहे.