आखाजीचा मुहूर्त

...अहो, पण दुकान उघडायचा दिवस ठरवताना जरा गल्लीत विचारून बघायला नको का माणसानं? तुम्हाला सांगते, इथं सुरतेत पर्वत पाटियाच्या कुठल्याशा हॉलमध्ये कोटवाल्या एका सरांचं भाषण ऐकून आले आमचे हे, गजेंद्र, आणि तेव्हापासून रोज पहाटे पाचला आरशासमोर उभे! 'मी करू शकतो... मी करू शकतो...' अहो, काय करू शकता? तर मांडे! खापरावरचे पुरणाचे मांडे विकणार! ज्यांना साधी पोळी लाटता येत नाही, ते! उत्साह यांचा आणि कणीक तिंबायची मी!

तरी मी हो म्हटलं. का? अहो, पंधरा वर्षं कापडाच्या कारखान्यात लूमवर काढली यांनी, त्या खडखडाटात एक कान गेला, दुसरा तरी वाचावा असं वाटणारच ना मला? शेठ भला माणूस. म्हणाला, "गजेंद्रभाई, अखात्रीज सुधी जग्या राखीश, पछी नहीं." म्हणजे आखाजीपर्यंत, आपल्या अक्षय्य तृतीयेपर्यंत, कामावरची जागा राखणार, पुढे नाही. दुकान चाललं तर चाललं, नाहीतर सोमवारपासून पुन्हा लूम!

मग यांनी हिशोब मांडला. आमच्या या डिंडोलीत आपली खान्देशी माणसं किती? ढीगभर! आखाजीला घरोघरी मांडा लागतो की नाही? लागतो! मग दुकान आखाजीलाच उघडायचं! मलाही पटलं हो, खोटं कशाला बोलू? माहेरचा झोका सोडला, मोठ्या भावाचं निमंत्रण परत पाठवलं, आदल्या दिवशी पुरण शिजवलं, पहाटेपासून दोन्ही हातांवर मांडे फिरवून फिरवून खांदे उतरले, आणि शंभर मांडे रचून ठेवले. बाहेर फुगे, तोरण, नवा शर्ट घालून हे उभे! उत्साह यांचा... जाऊ द्या, तुम्हाला कळलंच.

आठ वाजले, कुणी नाही. दहा वाजले, कुणी नाही. मी बाहेर येऊन बघते, तर काय... अख्ख्या गल्लीला कुलपं! अहो, आखाजीला खान्देशी माणूस सुरतेत थांबतो का? आदल्या रात्रीच गाडी भरभरून सगळे गावाला! आणि आम्हाला हे कसं सुचलं नाही? कसं सुचणार! दर वर्षी आम्हीच पहिल्या गाडीनं गावाला, त्या दिवशी डिंडोली कशी दिसते, ते बघितलंय कुणी?

दुपारी यांनी तोरण उतरवलं. फुगे काढले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "वर्षा, सोमवारी जातो लूमवर." आणि सांगू का, महिनाभर ज्या आरशातल्या बडबडीनं माझं डोकं उठवलं होतं ना, ती एकदा ऐकू यावी म्हणून जीव नुसता कासावीस झाला माझा.

तेवढ्यात दारात एक माणूस. केसांत कापडाचा भुगा, घामानं चिंब. नाव म्हणे धुडकू, पलीकडच्या कारखान्यात लूमवर. म्हणाला, "भाभी, सुट्टी नही भेटनी. मांडा शेतस का?"

आहेत म्हटलं, दिला. उभ्या उभ्या खाल्ला त्यानं, आंब्याच्या रसात बुडवून, आणि बाहीनं डोळे पुसत म्हणाला, "मायनी याद उनी."

गेला, कारखान्यात सांगितलं, आणि अर्ध्या तासात गल्लीत ही झुंबड! ज्यांना ज्यांना सुट्टी नाकारली, ते सगळे! पाळी सुटेल तसे येत गेले, कुणी लूमवरचे, कुणी कापड रंगवणाऱ्या डाइंगचे, कुणाला बसायला जागा नाही, तर पायरीवर, रस्त्यावर! शंभर संपले, मी पुन्हा कणीक तिंबली, हे ताटं वाढतायत आणि फोनवर ओरडून सांगतायत, "शेठ, नहीं आवूं!" मी तर त्या खापरापुढे रडले हो आनंदानं!

पण उत्साह कुठे थांबतो यांचा? आता दुसरं दुकान काढायचं म्हणतात. कधी? तर दिवाळीत! अहो, दिवाळीत सुरतेचे लूमच बंद! सुट्टी न मिळालेलासुद्धा गावाला गेलेला असतो! पण मी नाही काही बोलले. गव्हाची गोणी तेवढी सांगून ठेवली... बघू, बंद कारखान्यांच्या गेटावर वॉचमन तर असतीलच ना!