भट्टीवरचे हात

(इद्रिया गावची लेसशाळा. संध्याकाळचा वर्ग नुकताच सुटला आहे.)

बोगोमिल : ...म्हणून म्हटलं, लेस विणायची ही उशी परत करतो, बाई. या दोऱ्याच्या लाकडी बॉबिनीही. मंगळवारपासून मी येणार नाही.

मिलोयकाबाई : आत्ता कुठे दीड महिना होतोय, बोगोमिल! शेजारच्या बाकावरच्या पोरी हसल्या की काय?

बोगोमिल : छे, छे. गुणी आहेत त्या. सात वर्षांच्या पोरी माझ्याहून भरभर विणतात, मला कौतुकच वाटतं.

पावला : कौतुक पुरे, काका. कंटाळलात म्हणा. मी इथं स्पर्धेची कॉलर विणतेय, आणि तुमच्या बॉबिनी सारख्या खाली. खट्, खट्! माझे टाके चुकायचे.

मिलोयकाबाई : पावला, तू थांब जरा. खाली म्हणजे?

बोगोमिल : हातातून सुटतात, बाई. आता काय लपवायचं... मी एवढी वर्षं पाऱ्याच्या भट्टीवर काढली, आणि पारा अंगात भिनला की हात जातात. वडीलही तिथंच होते. शेवटी शेवटी आई त्यांना भरवायची. त्यांचंही असंच सुरू झालं होतं. वस्तू निसटायच्या.

पावला : ...काका, मला ठाऊक नव्हतं हो.

बोगोमिल : घरी बायकोला बोललो नाही अजून. स्लाव्हित्साला वाटतंय, मी तिच्या रुमालाला लेस विणतोय.

मिलोयकाबाई : हात पुढे करा. असे नाही, बोटं पसरून. पावला, काही हलताना दिसतंय?

पावला : नाही बाई. अगदी स्थिर आहेत.

मिलोयकाबाई : बसा. माझ्यासमोर विणा. आधी अदलाबदल, मग पीळ.

बोगोमिल : अदलाबदल... पीळ... ही बघा! गेली. पाहिलंत ना?

मिलोयकाबाई : पाहिलं. तुमचं बोट तिला लागलंही नव्हतं. बाजूला नुसती लोंबत होती, आपली आपणच उलगडत गेली. यांच्यावर दोरा कुणी गुंडाळला?

पावला : मी. काकांना सगळी संध्याकाळ लागली असती. तुम्हीच म्हणता ना, ज्याला येतं त्यानं दुसऱ्याला हात द्यावा.

मिलोयकाबाई : आणि दोरा अडवणारा वरचा फास?

बोगोमिल : तो मी घातला. पुस्तकात चित्र होतं, अगदी तसाच.

मिलोयकाबाई : ही डावखुरी, बोगोमिल. हिची गुंडाळी उलट्या अंगानं फिरते. फासही ही उलटाच टाकते, म्हणून हिचा टिकतो. हिच्या गुंडाळीवर तुमचा सुलटा फास धरणार कसा? तुम्हीच काय, मी घातला तरी सुटेल.

बोगोमिल : म्हणजे... दोष हातांचा नाही?

मिलोयकाबाई : हातांचा नाही. डॉक्टरांना एकदा दाखवा, एवढी वर्षं भट्टीवर होतात म्हणून. पण यासाठी नव्हे.

पावला : अरे देवा! आणि मी मनातल्या मनात तुम्हाला किती शिव्या घातल्या.

बोगोमिल : घाल गं बाई, हव्या तेवढ्या घाल!

पावला : द्या इकडे, सगळे फास बदलून देते.

बोगोमिल : नको, नको. एक दाखव. बाकीचे मी घालतो.

पावला : हा असा, बोटावरून पलीकडे. हं. ओढा आता.

मिलोयकाबाई : विणून बघा.

बोगोमिल : राहिली! बाई, राहिली जागेवर.

पावला : राहिली, पण पीळ द्यायला विसरलात, काका. चुकलं.

बोगोमिल : चुकलं होय? बरं. सोडवतो आणि पुन्हा करतो. मला कुठे घाई आहे!