शांत घर

हे कुणाला सांगायचं नाही असं बाबांनी मला बजावलंय, तेव्हा आईसमोर विषय काढू नका.

बाबांची नाशिकहून अंधेरीच्या ऑफिसात बदली झाली. माझ्या अभ्यासासाठी शांत घर हवं, म्हणून आम्ही दोघं बोरिवलीत एक फ्लॅट बघायला गेलो. खिडकीखालीच लग्नाचा हॉल होता, पण कुलूप लावलेला. बाबा डोळे मिटून उभे राहिले.

"ऐक. काही ऐकू येतंय?"

मी हळूच म्हटलं, "बाबा, वॉचमनकाका म्हणाले, पितृपक्ष आहे म्हणून हॉल बंद आहे."

"श्श! शांतता ऐक गं."

पितृपक्षात घर बघू नका, असं आई आधीच म्हणाली होती. बाबा असलं काही मानत नाहीत. पण लग्न करणारे मानतात ना!

तुळशीचं लग्न झालं आणि हॉल उघडला. आता मी भूमिती सोडवायला बसले की खाली बँजो सुरू होतो. परवा ऑनलाइन मीटिंगमध्ये बाबांच्या साहेबांनी विचारलं, "काय हो, घरी कार्य आहे? आम्हाला बोलावलं नाही!"

आई रोज विचारते, "दोघांपैकी एकालाही हॉल दिसला नाही?" बाबा माझ्याकडे बघतात आणि मी वहीकडे.

आता त्यांनी मुलुंडला दुसरं घर शोधलंय. समोर फक्त एक शाळा आहे आणि तिथे चिटपाखरूही नाही म्हणे. त्यांना कुणीतरी सांगायला हवं की नाताळची सुट्टी संपली की तिथे...

"अगं चल लवकर, ब्रोकर थांबलाय!"

आले, बाबा!