पहिली चाल एकच घर

तुम्ही हसाल, पण विलायतेहून परतताना मला वाटलं होतं, आमच्या चिकपेटेतल्या मुली माझ्या बुद्धिबळाच्या वर्गाला गर्दी करतील. एकही आली नाही. शेवटी पुन्हा बोटीने विलायतेला जायचं ठरवून मी ट्रंक भरली. त्या संध्याकाळी अण्णा, माझे वडील, पटासमोर येऊन बसले. आई गेल्यापासून ते फारसं बोलतच नसत.

त्यांनी अगदी कडेचं प्यादं सरकवलं. अशी सुरुवात कोण करतं! माझी आवडती, एकमेकांना राखणाऱ्या प्याद्यांची साखळी बांधायला मी मधलं प्यादं दोन घरं पुढे टाकलं. त्यांनी ते एक घर मागे आणलं.

"स्वल्प थांब, अक्का. आपल्याकडे प्याद्याची पहिली चालही एकच घर." मला, लेकीला, ते लाडाने अक्काच म्हणत.

"अण्णा, सगळं जग दोन घरं चालतं!"

"तुझ्या आईलाही अशीच घाई असायची."

"आई खेळायची?"

"तू विलायतेला गेल्यावर शिकली. माझ्याशी खेळायला घरात दुसरं होतं कोण?"

मी एकेक घर सरकवत साखळी बांधू लागले, पण ती पुरी होण्याआधीच त्यांनी प्याद्याने मात केली. आपल्याकडे हीच मात सर्वांत मानाची, तरी ते हसले नाहीत.

"हरली की तुझी आई लगेच म्हणायची, पुन्हा मांडा," एवढंच बोलून उठले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ट्रंक रिकामी केली, पट मांडला आणि मधलं प्यादं एकच घर पुढे सरकवून अण्णांना हाक मारली.